भुवयांची नोंद

सुप्रभाताई नगरकरांना सूड घ्यायचा होता. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून आणि पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं घेऊन फिरणाऱ्या बाईला हे शोभत नाही, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं. यजमान, म्हणजे डॉक्टर मुरलीधर नगरकर, भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं लोकांना झोपवून निवृत्त झाल्यावर आता ते स्वतःवरच प्रयोग करत, आणि दोन डुलक्यांच्या मध्ये जमतील तेवढी मतं देत. सुप्रभाताईंनी मत ऐकून घेतलं, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि कामाला लागल्या.

सूड स्वतःसाठी असता तर त्यांनी तो केव्हाच घेऊन टाकला असता. हा होता लुझसाठी.

लुझचं पूर्ण नाव लुझविमिंडा मकाराएग. लुझोन, विसायास आणि मिंडानाव हे फिलिपाइन्सचे तीन भाग. तिन्हींची टोकं जोडून हे नाव होतं. आपल्याकडे कोकण, विदर्भ, मराठवाडा जोडून मुलीला ‘कोविमा’ म्हणावं तसं. लेस्टरपासून पंचवीस मिनिटांवरच्या वेदरकोट गावात, तिथल्या हॉस्पिटलात लुझने एकतीस वर्षं नर्सिंग केलं. त्यातली अठरा वर्षं ती वॉर्डची सिस्टर होती आणि सुप्रभाताई त्याच वॉर्डच्या क्लार्क. फिलिपिनो माणसं थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात, आणि हॉस्पिटलातले सगळे फिलिपिनो लुझला तेच म्हणत. सुप्रभाताईंच्या माहेरी, अमरावतीला, आत्याला आते म्हणत. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांची पक्की समजूत झाली होती की या बाईने आपले सव्वीस भाचे-भाच्या हॉस्पिटलात चिकटवल्या आहेत. वशिला असावा तर असा, म्हणून त्यांनी मुद्दाम ओळख वाढवली. ओळखीची मैत्री झाली आणि मैत्रीला आता सत्तावीस वर्षं झाली.

कोविडच्या पहिल्या लाटेत लुझ आपल्याच वॉर्डात, आपण रोज चादर बदलायला लावायची त्याच खाटेवर, तीन आठवडे पडून होती. जगली. पण फुप्फुसं पूर्वीची राहिली नाहीत. चालताना बोलता येत नाही, बोलायचं तर थांबावं लागतं, आणि थांबलं तरी पहिली पाच मिनिटं फक्त श्वासच चालू असतो. म्हणून तिने कौन्सिलकडे ब्लू बॅजसाठी अर्ज केला. तो निळा परवाना गाडीच्या काचेशी ठेवला की दुकानाच्या दाराशी गाडी लावता येते.

मुलाखतीला बोलावणं आलं. बॅज नसल्यामुळे गाडी लांबच्या पार्किंगमध्ये लावावी लागली. बॅज मिळावा म्हणून बॅज नसतानाचं अंतर चालून दाखवायचं, अशी ती चोख व्यवस्था होती. लुझ धापा टाकत खुर्चीवर बसली आणि समोरच्या साहेबाने लगेच प्रश्न सुरू केले.

साहेब म्हणजे यशोधन खासनीस. पुण्याचा, अडतिशीचा, हुद्दा ‘समावेशक सेवा प्रमुख’. मुलाखती घेणारी बाई रजेवर होती, म्हणून त्या दिवशी तो स्वतः बसला होता.

चालताना धाप लागते का? लुझने दोन्ही भुवया वर केल्या. वाटेत थांबावं लागतं का? भुवया वर. जिने चढताना त्रास होतो का? वर. तिच्या देशात याचा अर्थ ‘हो’ असा होतो. आई विचारते जेवलीस का, पोर भुवया उडवतं, आई समजते. भुवया उडवायला श्वास खर्च होत नाही, हा तर मोठाच फायदा. बारा प्रश्नांना तिने बारा स्वच्छ उत्तरं दिली.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. खाली मुलाखतीची नोंद जोडली होती: ‘अर्जदार महिलेने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. चेहऱ्यावर तुच्छतेचे भाव. सहकार्य नाही.’

सुप्रभाताई भडकल्या. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चढत्या क्रमाने भडकल्या. लुझने मात्र पत्राची नीट चौपदरी घडी घातली.

“एकतीस वर्षं मी लोकांच्या नोंदी लिहिल्या, सु,” ती म्हणाली. “एकाने माझ्या अंगावर सूपचा बाऊल फेकला. मी काय लिहिलं? ‘पेशंटने बाऊल फेकला, वेळ बारा चाळीस.’ पोरींना मी तेच शिकवलं. दिसलं ते लिहा. नाही कळलं तर ‘मला कळलं नाही’ असं लिहा. आणि हा माणूस लिहितो, मी त्याला तुच्छ समजले. बॅज गेला खड्ड्यात. मला ते वाक्य तिथे नको.”

तक्रार केली. उत्तर आलं: ‘आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत. निर्णय कायम आहे.’

हे वाचून सुप्रभाताई शांत झाल्या. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही याची भीती वाटली असती.

महिन्याभराने यशोधनचा फोन आला, तोही सुप्रभाताईंना. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झालेली. ही त्या तक्रारवाल्या बाईची मैत्रीण आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

“काकू, एक फेवर हवा होता. तुमची इथल्या फिलिपिनो कम्युनिटीत बरीच ओळख आहे ना?”

“आहे बाबा थोडीफार. का रे?”

“आमच्या टीमचं नाव नॅशनल अवॉर्डसाठी शॉर्टलिस्ट झालंय. इन्क्लुजनसाठी. परीक्षक येणारेत, त्यांना कम्युनिटीशी डायरेक्ट बोलायचंय. छान लंच ठेवू, हॉलचं मी बघतो. फक्त माणसं हवीत. हसरी.”

“हसरी मिळतील,” सुप्रभाताई म्हणाल्या. “तुला त्यांच्या चालीरीती वगैरे माहीत आहेत ना पण? नाहीतर पंचाईत व्हायची.”

“अहो काकू, मी गाइडच लिहिलंय! पूर्ण स्टाफला ट्रेनिंग दिलंय त्यावर. थांबा, पाठवतोच तुम्हाला.”

पाठवलं. ‘आपला शेजारी ओळखा’, चौतीस पानं, गुळगुळीत, मुखपृष्ठावर यशोधनचा हात बांधून उभा असलेला फोटो. चौदाव्या पानावर फिलिपिनो समाज. त्यात तिसरी ओळ: ‘भुवया उंचावणे म्हणजे होकार. याला उद्धटपणा समजू नये.’

सुप्रभाताईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग डॉक्टरांना हलवून जागं केलं आणि वाचून दाखवली.

“लिहिणाऱ्याने वाचलंच पाहिजे असं कुठे आहे,” डॉक्टर म्हणाले आणि परत झोपले. चाळीस वर्षांत त्यांनी दिलेलं हे सर्वांत उपयोगी मत.

लुझच्या स्वयंपाकघरात बेत ठरला. सुप्रभाताईंची पहिली सूचना होती की सगळ्यांनी परीक्षकांना सरळ सांगावं, हा माणूस नालायक आहे. लुझने नकारार्थी मान हलवली.

“मग तो म्हणेल, एका नाराज बाईने लोक भडकवले. आणि खोटं कुणी बोलायचं नाही, सु. जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. फक्त तोंड उघडायचं नाही.”

“ऐकतील सगळे?”

“माझ्या हाताखाली शिकलेत अर्धे. बाकीच्यांच्या बायका शिकल्यात.”

शनिवारी दुपारी हॉल भरला. साठ-सत्तर माणसं, लांबच लांब टेबलं, त्यावर नूडल्स, तळलेल्या रोल्सचे डोंगर आणि मधोमध एक आख्खं भाजलेलं डुक्कर, ज्याच्याकडे सुप्रभाताई शाकाहारी निर्धाराने बघत नव्हत्या. यशोधन नव्या ब्लेझरमध्ये सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता. लुझशीही मिळवला. “नाइस टु मीट यू,” म्हणाला. त्याने ओळखलं नाही. सुप्रभाताईंच्या मनात कुठे थोडी दया शिल्लक असेल, तर ती त्या क्षणी संपली.

परीक्षक बाई, मिसेस प्रिचर्ड, उंच, रुक्ष, हातात क्लिपबोर्ड. त्या माइकपाशी उभ्या राहिल्या.

“कौन्सिलच्या समावेशक सेवा विभागाबद्दल तुम्हाला माहिती आहे का?”

हॉलभर भुवया वर गेल्या. एकाच्याही तोंडून शब्द नाही. मिसेस प्रिचर्डनी वाट पाहिली, मग क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं.

“त्यांच्या कार्यालयात कधी गेला आहात?”

परत साठ-सत्तर जोड्या वर. एक म्हातारे आजोबा रोल चावत होते, त्यांनी चावता चावता उडवल्या. बाईंनी परत लिहिलं. यशोधन एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

“तुमच्या अर्जांना तिथून उत्तर मिळालं का?”

भुवया. लुझच्या सर्वांत उंच. उत्तर तिला मिळालंच होतं, तिच्या पर्समध्ये होतं.

“मला वाईट वाटतं, मिस्टर खासनीस,” मिसेस प्रिचर्ड माइक बाजूला धरून म्हणाल्या, पण माइक बंद करायला विसरल्या. “समाजाकडून प्रतिसाद शून्य. मला तर हे लोक तुमच्यावर नाराज दिसतात. मी तसंच नोंदवते.”

“नो, नो!” यशोधन पुढे धावला. “ते हो म्हणतायत! सगळे हो म्हणतायत! भुवया वर करणं म्हणजे त्यांच्यात होकार असतो. उद्धटपणा नाही तो! हे तर बेसिक आहे, इथल्या प्रत्येक ऑफिसरला माहीत असायला हवं. मी स्वतः गाइडमध्ये लिहिलंय, पान चौदा!”

माइक चालूच होता. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत प्रत्येक शब्द पोचला.

“म्हणजे हे स्पष्ट उत्तर आहे?” मिसेस प्रिचर्डनी विचारलं.

“अगदी स्पष्ट! लहान मुलालाही कळेल.”

सुप्रभाताई उठल्या. गुडघा दुखत होता, पण हा प्रवास त्या गुडघ्याने आनंदाने केला. लुझकडून चौपदरी घडीचा कागद घेतला, माइकपाशी गेल्या आणि वाचला. ‘एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. चेहऱ्यावर तुच्छतेचे भाव. सहकार्य नाही.’ मग सही वाचली. सही त्यांनी सावकाश वाचली, हुद्द्यासकट.

“मिसेस मकाराएग त्या तिथे बसल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मघाशी साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवला. नाइस टु मीट यू म्हणाले.”

मिसेस प्रिचर्डनी क्लिपबोर्डवरचं पान उलटलं आणि नव्या पानावर लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होत्या.

अवॉर्ड कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावाला गेलं. लुझचा बॅज चार दिवसांत घरी आला, सोबत वरिष्ठांचं माफीपत्र. लुझने ते बाजूला ठेवून फोन केला आणि विचारलं, माझ्या फाइलमधलं ते वाक्य गेलं का?

म्हणून पुढच्या मंगळवारी यशोधन लॅपटॉप घेऊन लुझच्या घरी, बैठकीच्या खोलीत आला. चेहरा उतरलेला. सुप्रभाताई आधीच येऊन सर्वांत चांगली खुर्ची धरून बसल्या होत्या.

“सिस्टिममध्ये नोंद पुसता येत नाही,” तो म्हणाला. “फक्त खाली नवी जोडता येते.” मग हळूच मराठीत, “काकू, तुम्ही आधी मला फोन करायचात ना. आपल्या आपल्यात मिटवलं असतं.”

“म्हणजे तुला कळलं नव्हतं त्या दिवशी, असंच ना?”

यशोधनने मान डोलावली. म्हणजे डावी-उजवी, थोडी गोल, हो-नाहीच्या बरोबर मधली, अस्सल आपली.

“तोंडाने सांग,” सुप्रभाताई इंग्रजीत म्हणाल्या. “मला वाटेल, उत्तर दिलं नाहीस.”

“हो. नव्हतं कळलं.”

सुप्रभाताईंना वाटलं, आता मजकूर आपण सांगावा. त्यांच्याकडे तीन मसुदे तयार होते, त्यातल्या सौम्य मसुद्यात ‘गाढव’ हा शब्द एकदाच होता. पण लुझने हात वर करून त्यांना थांबवलं, आणि यशोधनला म्हणाली, “तूच लिही.”

त्याने लिहिलं आणि वाचलं: ‘मुलाखतीदरम्यान गैरसमज झाला.’

“कुणाचा?” लुझने विचारलं.

त्याने खोडलं. ‘दोन्ही बाजूंनी गैरसमज झाला.’

लुझ नुसती श्वास घेत राहिली. त्याने खोडलं. ‘अधिकाऱ्याचा गैरसमज झाला.’

“कोण अधिकारी? इथे मला तूच दिसतोस.”

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. यशोधनच्या कपाळावर घाम आला होता. सुप्रभाताईंनी त्याला पाणी दिलं नाही. चौथ्यांदा तो बराच वेळ टाइप करत होता.

“वाच,” लुझ म्हणाली.

“‘अर्जदार महिलेने बाराही प्रश्नांची उत्तरे दिली. मला ती कळली नाहीत. त्यांच्या चेहऱ्याबद्दल मी लिहिलेले खोटे आहे.’”

“खाली पूर्ण नाव. तारीख. वेळ पण टाक, वेळ सगळे विसरतात.”

त्याने टाकलं. बटण दाबलं. पडद्यावर ‘नोंद कायम झाली’ असं आलं, तेही त्याने वळवून दाखवलं, आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“मोठ्याने वाच,” लुझ म्हणाली. तिने डोळे मिटले होते, वॉर्डात पाळी बदलताना पोरींकडून रिपोर्ट ऐकायची तशी.

त्याने वाचलं.

“परत,” लुझ म्हणाली.

सुप्रभाताईंनी आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.