नळ बंद करायचा नाही

घर बघायला नम्रताला बरोबर नेणं म्हणजे ओढवून घेतलेलं संकट, असं तिच्या नवऱ्याचं, शुभंकरचं, ठाम मत झालं होतं. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हा तिचा व्यवसाय. शनिवार-रविवारी हेच काम ती फुकट करायची. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळे "वा, केवढी प्रशस्त बेडरूम!" म्हणत असताना ती शुभंकरला पलंगावर आडवं व्हायला सांगायची, आणि त्याचे पाय बाहेर लोंबायला लागले की सेल्सच्या मुलीला गोड आवाजात विचारायची, "पलंग मुद्दाम आखूड करून घेतलाय का हो?" दुसऱ्या एका घरात उदबत्त्यांचा एवढा घमघमाट होता की सासूबाईंनी भक्तिभावाने हात जोडले. हिने मोरीची जाळी उचलली आणि सगळ्यांना नाक धरून जिना उतरावा लागला. आणखी एका ठिकाणी सगळं घर जुनं आणि एकच भिंत नवीकोरी रंगवलेली. नम्रताने तिला नुसता हात लावला, तर पोपडाच हातात आला आणि मागची ओल दिसली.

दर वेळी तिचंच खरं निघालं होतं. पण सारखं खरं बोलणाऱ्या माणसाचा घरच्यांना कंटाळा येतो. यवतमाळहून खास घराच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या सासूबाई, मुक्ताबाई, आता उघडच म्हणायला लागल्या होत्या, "हिले घर घ्याचंच नाही. काहून? तं खोट हाये म्हणे. आमी अशी खोट पाहत बसलो असतो तं कोणाची लग्नंच झाली नसती."

शेवटी शुभंकरने निर्वाणीचं सांगितलं. केतकीबन सोसायटीतला फ्लॅट त्याला आवडला होता, आईला आवडला होता, आणि यवतमाळला वडिलांनी, आप्पासाहेबांनी, तर नुसते फोटो बघून आळीत पेढे वाटले होते. संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी टोकन द्यायचं ठरलं. "खोट असेल तर दाखव," तो म्हणाला. "नुसतं 'मला बरं वाटत नाहीये' हे या वेळी चालणार नाही. नाही दाखवता आली, तर हे घर घ्यायचं आणि पुन्हा कधी कटकट करायची नाही." दोघांची आजवरची कमाई आणि घरातला नम्रताचा शब्द, दोन्ही त्या एका संध्याकाळवर येऊन ठेपलं.

आणि नेमकी इथे तिला खोट सापडत नव्हती. भिंती कोरड्या, खिडक्या धड, उजेड भरपूर. एकच गोष्ट तिला सलत होती. सर्जेराव, म्हणजे घर दाखवणारा एजंट, आयत्या वेळी कधी येऊच द्यायचा नाही. "म्याडम, यायच्या आदल्या दिवशी एक फोन टाका फक्त." याच गावचा माणूस. वाडवडिलांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतलेच फ्लॅट तो विकत होता. बोलायला असा गोड की समोरच्याला नाही म्हणताना अपराधी वाटावं. पण 'एजंट आधी फोन करायला सांगतो' ही काही नवऱ्यापुढे ठेवण्यासारखी खोट नव्हे.

रविवारी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोरच्या दारात रांगोळी, आत साड्यांची सळसळ. दारातल्या बाईने नम्रताला आणि मुक्ताबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बघत काय उभ्या राहिलात? आत या. हळदीकुंकू आहे, मुलाखत नाही."

ही ऋचा. माहेर नारायण पेठेतलं, ते सांगावं लागत नव्हतं.

"वहिनी, जरा घाईत हायेत मंडळी," सर्जेराव पुढे झाला. "मालक खाली येऊन थांबल्यात."

"थांबू दे की. दारात आलेल्या सवाष्णींना तसंच पाठवू?"

सर्जेरावाच्या हातात वॉचमन होता, लिफ्ट होती, किल्ल्या होत्या. हळदीकुंकू मात्र त्याच्या हातात नव्हतं. शुभंकरला घेऊन तो रिकाम्या फ्लॅटमध्ये गेला आणि या दोघी आत गेल्या.

हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर लागलं, तिळगूळ झाला. ऋचाने वाण दिलं, झाकणाचा प्लास्टिकचा कॅन. मुक्ताबाई हरखल्या. यवतमाळला या वर्षी सगळ्यांनी चहाच्या गाळण्या वाटल्या होत्या. तेवढ्यात शेजारच्या घरातून बोलावणं आलं. तिथलं वाण, भलामोठा मग. त्यापुढच्या घरात बादलीवर बसणारं झाकण. वरच्या मजल्यावरची एक बाई तिथेच भेटली, तिने पुन्हा कॅनच दिला. बायका वाण म्हणून काय देतात? जे त्यांच्या मते प्रत्येक घराला लागतं ते. या इमारतीतल्या प्रत्येक घराला काय लागतं, ते नम्रताच्या दोन्ही हातांत मावत नव्हतं.

ती परत ऋचाच्या दारात आली. "पाण्याचं कसं आहे हो इथे?"

"पाणी? पितो आम्ही," ऋचा म्हणाली आणि तिने नजर वळवली.

आतल्या बायका एकदम गप्प झाल्या. कुणीतरी घाईघाईने तिळगुळाचं ताट पुढे केलं. इतका वेळ बडबडणाऱ्या बायका एका साध्या प्रश्नाला गप्प बसतात, एवढा पुरावा नम्रताला पुरेसा होता.

फ्लॅटमध्ये शुभंकर टोकनचा चेक लिहायला पेन काढून बसला होता. नम्रताने त्याला थांबवलं आणि वाणाची आरास ओट्यावर मांडली. "या बिल्डिंगला पाणी नाही."

शुभंकरने कॅनकडे बघितलं, मगकडे बघितलं, मग बायकोकडे. "वाणावरून? नम्रता, प्लीज."

सर्जेराव मनापासून हसला. "म्याडम, चोवीस तास हाय पानी. ह्ये बघा." त्याने स्वयंपाकघरातला नळ पिळला. धो धो धार लागली, ओट्यावर शिंतोडे उडाले. लगेच मुक्ताबाईंचा हात नळाकडे गेला आणि त्यांनी तो बंद केला.

नम्रताचे डोळे त्या हातावर खिळले. याआधी दोनदा घर बघायला आले तेव्हाही हेच झालं होतं. सर्जेराव नळ सोडायचा आणि दोन चुळा भरायच्या आत घरातलंच कुणीतरी बंद करायचं. एकदा शुभंकरने, एकदा तर तिने स्वतः. यवतमाळला आठवड्यातून एकदा नळाला पाणी येताना बघत वाढलेली माणसं ती. वाहता नळ त्यांना उतू जाणाऱ्या दुधासारखा बघवतच नाही. सर्जेराव आजवर लोकांच्या याच चांगल्या वळणाच्या जिवावर घरं विकत आला होता.

तिने नळ पुन्हा सोडला.

"अवो, पानी वाया चाललं ना!" मुक्ताबाई कळवळल्या.

"वाया नाही घालवायचं, आई. पण नळ बंद करायचा नाही." तिने कॅन धारेखाली धरला.

एक कॅन भरला, दुसरा भरला, तो भलामोठा मगही भरला. सर्जेरावाचं हसू हळूहळू कडेला सरकलं. "म्याडम, असं पानी घालवू नये. पाप लागतं." मग, "साहेब, मालकांचा फोन येतोय." मग, "घरात लक्ष्मी यायची, अन् तुमी..."

"सर्जेराव, चोवीस तास आहे ना? मग तुम्हाला कसली घाई?" नम्रताचा आवाज शांत होता. पण धार अजून तशीच जाड होती. नळ असाच वाहत राहिला, तर तिला घरात पुन्हा तोंड उघडायची सोय उरणार नव्हती. तिने एकदा शुभंकरकडे बघितलं. तो पेनचं टोपण लावत-काढत उभा होता.

तेवढ्यात दारात ऋचा आली. हातातल्या दोन रिकाम्या बादल्या तिने नळाखाली सरकवल्या. तिच्यामागून शेजारीण, तीही बादली घेऊन. मग वरच्या मजल्यावरची, भरजरी साडी खोचून, टब घेऊन. पाणी वाहतंय ही बातमी जिन्यातून कधी आणि कशी पसरली कुणास ठाऊक! हळदीकुंकवाच्या ठेवणीतल्या साड्यांची रांग स्वयंपाकघरापासून पार लिफ्टपर्यंत लागली.

"अवो वहिनी, तुमी कुठं मधी?" सर्जेराव अक्षरशः विनवण्या करायला लागला.

"का? तुम्हीच सांगितलंत ना यांना, चोवीस तास आहे म्हणून?" ऋचा म्हणाली. "मग चार बादल्यांनी काय आटतंय?"

ऋचाच्या दोन भरल्या. शेजारणीची अर्ध्यावर आली आणि नळाने खोकल्याची एक उबळ काढली. धार बारीक झाली, करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी. पुन्हा एकदा घशात खरखर झाली आणि सगळं थांबलं. रांगेतल्या बायका, शुभंकर, मुक्ताबाई, सगळे त्या कोरड्या तोंडाकडे बघत राहिले.

"या फ्लॅटच्या माळ्यावर वेगळी छोटी टाकी आहे," ऋचा म्हणाली. "घर दाखवायचं असलं की आदल्या दिवशी हे सर्जेराव टँकरच्या पाण्याने भरून ठेवतात. बोलायची आम्हाला सोसायटीची बंदी, फ्लॅटचे भाव पडतात म्हणून. आम्हालाही असाच नळ सोडून दाखवला होता. आम्ही तो लगेच बंद केला. घरचे संस्कार!"

नम्रताला हसावं की तिचा हात धरावा कळेना. तिने दोन्ही केलं. मग मान ताठ करून ती सर्जेरावाकडे वळली. इतक्या रविवारांचा शीण एका दमात उतरला होता आणि तो आनंद लपवायची तिला काही गरज वाटली नाही. "चला, सर्जेराव. मालक खाली थांबलेत ना? त्यांना सांगा, टोकन मिळणार नाही. आणि हा नळ आता उघडाच ठेवा. पुढच्या माणसांना बघू दे."

सर्जेरावाने किल्ल्या खिशात घातल्या. रांगेतल्या बायकांनी त्याला जायला वाट करून दिली, पण फार मोठी नाही.

शुभंकरने चेकबुक मिटलं. "सॉरी," तो सगळ्यांसमोर म्हणाला. ते तसं सगळ्यांसमोर म्हणणं त्याला जड गेलं, हे तिने ओळखलं आणि तिला तो पुन्हा आवडला.

खाली गेटपाशी पोचतात तोच मुक्ताबाईंचा फोन वाजला. आप्पासाहेब. यवतमाळच्या त्या मोठ्या आवाजाला स्पीकर लावायची गरज नसे. "झालं का टोकन? पेढे सांगू का अजून?"

"नाही घेतलं घर."

"नाही घेतलं? काहून?"

मुक्ताबाईंनी सुनेकडे बघितलं. त्यांना टाकीचं सांगता आलं असतं, नळाचं सांगता आलं असतं, रांगेचं तर रंगवून रंगवून सांगता आलं असतं.

"काहून म्हंजे काय?" त्या फोनवर कडाडल्या. "नम्रता नको म्हणते!"