खंडेनवमीचं ड्रिल

मला राग पटकन येतो, असं गारखेड्यात सगळे म्हणतात. येतो. पण घरी ते ड्रिल मशीन बनवताना वर्षभर मी एकदाही चिडलो नाही. सर्किट बोर्डाला सुईएवढी भोकं पाडायची, तर बिट केसभरही हलून चालत नाही; हललं की तुटलं. मोटर जुन्या मिक्सरची, दांडे छावणीतल्या भंगारवाल्याकडचे. कंपनीची नोकरी सोडायची आणि बोर्डांचा स्वतःचा कारखाना काढायचा, एवढंच डोक्यात होतं.

भागीदार म्हणून रामकिसनला घेतलं, माझ्या बायकोच्या, सुगंधाच्या भावाला. फुलंब्रीहून यायचा, गोड बोलायचा. त्याच्यापासून काही म्हणजे काही लपवलं नाही. मशीन नीट चालायला लागलं आणि त्याचं येणं बंद झालं. शेतात लई काम आहे, असा निरोप सुगंधाच आणायची.

खंडेनवमीला त्याचं बोलावणं आलं. गाळा घेतलाय, दाजींनी पूजेला यावं. मी खूश. पठ्ठ्यानं आपल्या कारखान्याला जागाच धरली, असं वाटलं. नारळ, पेढे घेऊन मी आणि सुगंधा पहिल्यांदाच तिथं गेलो.

पाटीवर त्याचं एकट्याचं नाव होतं. खंडेनवमीला हत्यारं झाकून ठेवता येत नाहीत, धुऊनपुसून मांडावीच लागतात. आत झेंडूच्या माळा घालून ड्रिल मशीनं ओळीनं मांडलेली. सगळी माझ्या मशीनसारखीच. माझ्या मशीनच्या खालच्या लोखंडी पाटाला मी पहिलं भोक चुकीच्या जागी पाडलं होतं, ते रिकामंच राहिलं. इथं प्रत्येक पाटावर तेच रिकामं भोक, मन लावून पाडलेलं. गाढवानं माझी चूकसुद्धा मापून नेली होती. आतली मापं तर मशीन खोलल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मी घरात असताना त्यानं ते कधी खोललं नव्हतं.

"कवा मापलंस रे?" मी विचारलं.

"दाजी, तुमी नुसतं घासत बसला असता. कुणीतरी सुरू करायलाच पायजे व्हतं. आजच्या दिशी भांडू नका."

एवढा विश्वास मी सख्ख्या भावावरही टाकला नव्हता. सुगंधाला म्हटलं, चल, इथं थांबायचं नाही.

तिचं लक्ष पूजेच्या ताटात होतं. निरांजन पेटवायचं राहिलं होतं. ती कुणाला न विचारता मागच्या फळीकडं गेली, ग्रीसचा डबा बाजूला सारला आणि त्यामागची काडीपेटी काढली.

"सुगंधा, तू कवापासून येतीस इथं?"

उत्तर देण्याआधी तिनं भावाकडं बघितलं.