इंचभर कमी

भिंती स्वतःच्या हातांनी उभ्या केल्यावर आतलं काम म्हणजे हातचा मळ, असं मास्तरांना वाटलं होतं. शाळेत सव्वीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस. फळ्या, कपाटं, दारं त्याला काय अवघड? चार महिन्यांत घर तयार, असं त्यांनी आईला सांगून टाकलं. त्याला आता चार वर्षं होत आली होती.

आई तोवर ताईकडे, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे राहत होती. तिची अट एकच: न्हाणीघराला आतून कडी लागली पाहिजे. भिंतींना रंग नसला तरी तिचं काही म्हणणं नव्हतं. आई ब्याऐंशीची झाली होती, आणि गेल्या दोन फोनवर तिनं घराचं विचारलंच नव्हतं. ते मास्तरांना फार लागलं होतं.

घरात जे बनवावं ते बसायचं, पण नीट बसायचं नाही. कोनाड्यात फळी ठेवली की शेजारी फट, कपाट ठेवलं की फट. मास्तरांनी आधी लाकडाला बोल लावला, की ते आकसतं. मग भिंत वाकडी आहे म्हणाले. ती कोणी बांधली, असं बायकोनं विचारल्यावर त्यांना एकदम चहाची तल्लफ आली. नाचता येईना अंगण वाकडं हे ठीक. पण अंगणही आपणच केलेलं असलं की माणसानं तोंड कुठं लपवावं?

शेवटी न्हाणीघराचं दार बसलं. बिजागऱ्या झकास, दार बोटानं फिरत होतं. फक्त कडी सरकवली की ती चौकटीतल्या भोकापर्यंत पोचत नव्हती, इंचभर अलीकडेच संपायची. आता नवं दार करणं आलं. मास्तर पुन्हा टेप घेऊन चौकटीपाशी बसले.

टेपचं टोक कधीच तुटलं होतं, पहिला इंच गायब होता. त्यामुळे जो आकडा दिसेल त्यातून एक वजा करायचा, हे काम मास्तर मनातल्या मनात उरकत. एकतीस दिसले, तसे ते “तीस” म्हणाले. मापं वहीत उतरवायचं काम बायकोचं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्या वहीत डोकावून पाहिलं. तिनं एकोणतीस लिहिलं होतं.

“मी तीस म्हणालो.”

“हो, पण एक वजा करायचं तुम्ही विसरता ना, म्हणून तेवढं मी करते.”

“कधीपासून?”

“पहिल्या फळीपासून. उगाच बोलून कशाला तुमचं मन दुखवायचं?”

मास्तरांना रागावायचं होतं, पण कोणत्या तोंडानं? परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकाच घरी विसरून गेलेला हा माणूस. बायकोनं सावध राहावं यात नवल ते काय. वर, पडताळा घ्या, पडताळा घ्या, असं पोरांना सव्वीस वर्षं बजावणारेही हेच.

हे फोनवर सांगण्याची हिंमत होईना, म्हणून ते ताईकडे गेले. आई पलंगावर बसली होती, शेजारी तिची पिशवी बांधून तयार. मास्तरांनी इंचाची सगळी कथा सांगितली आणि आणखी आठवडा मागितला.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. “तू चार महिने म्हणालास, तेव्हाच मी चार वर्षं धरली होती. ती भरली. आता तुझा आठवडा म्हणजे तीन महिने. तेवढं थांबवत नाही रे मला. पिशवी उचल.”

“पण आई, कडी लागत नाही.”

“मग तू दाराशी बस.”

त्या संध्याकाळी मास्तर न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून, दार हातानं ओढून धरून बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि आयुष्यात क्वचित झाला असेल इतका आनंदही झाला होता. आतून पाण्याचा आवाज येत होता. मधूनच आई विचारायची, “आहेस ना रे?”

“आहे,” मास्तर म्हणायचे, आणि दार आणखी घट्ट धरायचे.