तांब्याभर खार

सोनाथीने खाराचा तांब्या तळहाताने झाकला आणि बांबूच्या कुंपणातल्या फटीतून धाकट्या जावेच्या अंगणात शिरली. केळीच्या राखेचा हा खार तिने आज मुद्दाम दाट काढला होता. कालवणाला चमचाभर पुरतो. मुळाशी तांब्याभर ओतला तर झाड उभं जळेल.

कोपऱ्यात बाथौदेवाच्या ओट्यावर अलारीचं सिजौ, देव मानून पुजायचं निवडुंगासारखं झाड, उभं होतं, काटेरी, हिरवंगार. वाटणीच्या वेळी सोनाथीच्याच सिजौची फांदी तिने नेली होती. आता ती माणसाएवढी झाली होती आणि सोनाथीचं मूळ झाड पिवळं पडून कललं होतं. सोनाथी तर रोज न्हाऊन त्याला कळशीभर पाणी घालायची. परवा ओढ्यात मासे धरताना बायका तिच्या तोंडावर हसल्या, "बाथौसुद्धा धाकटीकडे राहायला गेला गं." बैसागुचा सण तोंडावर आला होता. दोन्ही अंगणांत माणसं हात जोडायला येणार, बघणार. सोनाथीचा नुसता जळफळाट होत होता.

तिने तांब्या कलता केला.

"ताई, पाणी नको घालूस."

अलारी दारात उभी होती, हातात मागाचा धोटा.

"तुझं झाड असंच गेलं. रोज कळशी ओतल्यावर मुळं कुजतील नाहीतर काय? कितीदा तोंडाशी आलं, पण तुला सांगायची भीती वाटते बाई."

ती जवळ आली आणि तांब्यात डोकावली. तांबूस पाणी पाहिलं, मग सिजौच्या मुळाकडे पाहिलं.

"खार होय," ती म्हणाली. "माझा संपलाय हे तुला कुणी सांगितलं? बरं झालं आणलास."

तिने तांब्या काढून घेतला. सोनाथी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेली. चुलीमागे राखेचं गाळणं टांगलेलं होतं. खालचं मडकं खाराने काठोकाठ भरलं होतं आणि वरून थेंब पडतच होते. अलारी त्याच्याकडे पाठ करून रिकामं भांडं शोधत होती.

मग तिने विळा घेतला आणि सिजौची एक जाड फांदी कापून आणली.

"चीक वाळू दे, मग लाव. आणि मी सांगेपर्यंत पाणी घालायचं नाही."

"बरं," सोनाथी म्हणाली. तिला मान वर करवेना.

फांदी घेऊन ती कुंपणाच्या फटीपर्यंत आली, थबकली. मग मागे वळली आणि पुढच्या फाटकातून, गावाच्या रस्त्याने घरी गेली.