कडबा बघून थांबणारी मोटार

एक्कावन्न साली खजुरीत मोटार एकच होती आणि तिला दर सोमवारी सुट्टी असायची. मालक चनमल्लप्पा, म्हणजे आमचे अप्पा, बसवण्णाचे, नंदीचे, पक्के भक्त. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा घरचा नेम. आणि मोटार त्यांनी एक बैलजोडी देऊन, हैदराबादला बिऱ्हाड हलवणाऱ्या जहागीरदाराकडनं घेतलेली. म्हणजे बैलांच्या जागेवर आलेली. मी राघोबा, गुलबर्ग्याला मिस्त्रीच्या हाताखाली दोन वर्षं काढून आलेला ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या सुट्टीचा नेम कुणी घालून दिलेला नव्हता. सोमवारी मी शेण भरायचो.

मोटारीची निगा अप्पा स्वतः राखत. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, पुढच्या दिव्यांना शिंगांसारखा हिंगूळ फासला, बॉनेटवर झूल टाकली. चैत्रात 'पोटात उष्णता झालीय' म्हणून रेडिएटरात घागरभर ताक ओतलं. आळंदला पोचेपर्यंत त्याची कढी झाली. फोडणी तेवढी राहिली होती.

हे सगळं मी सोसलं. मग ब्रेक गेला. पाय पार खाली टेकला तरी मोटार आपल्या मनानं चालायची आणि अंगणात शिरली की कडब्याच्या गंजीत तोंड खुपसूनच थांबायची.

"अप्पा, ब्रेक लागंना झालाय."

"थांबतंय की."

"कडब्याला धडकून थांबतंय."

"मग? बैल बी कडबा बघूनच थांबतंय. भूक लागली असंल."

हेही चाललं असतं. पण अप्पांच्या आईनं, ऐंशीच्या गंगम्मा अव्वांनी, येत्या गुरुवारी गाणगापूरला जायचं काढलं. संगमाकडं उतार आहे. उताराच्या खाली कडबा नाही, भीमा आहे. मला पोहता येत नव्हतं. अव्वांनाही येत नसावं. मी विचारलं नाही.

"अप्पा, चाकाच्या आतली पट्टी झिजलीय. लायनर म्हणतेत तिला. नवी बसवाय पायजे, न्हाईतर गुरुवारी अव्वासगट नदीत जातो आपण."

"बैलाचा पाय झिजला म्हणून पाय बदलतेत का रे? नाल मारतेत. मदारसाबाला बोलव."

नालबंद मदारसाब सोमवारी सकाळी दोर, खिळे, हातोडी घेऊन हजर झाले. बैलाला नाल मारायचा तर आधी पाडावा लागतो. त्यांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि अप्पांना विचारलं,

"किस बाजू पाडना, पटेल?"

मी जॅक लावला. पुढचं चाक वर उचललं गेलं तसे मदारसाब खूश झाले. "गरीब जनावर है. खुद पाँव उठाता."

मी चाक काढलं, ड्रम काढला. पट्टी झिजून कागद झालेली. तिला धरून ठेवणारे रिपीट उघडे पडलेले, आणि त्यांनी ड्रमला आतून चरे पाडलेले. मदारसाबांनी चऱ्यांवरनं बोट फिरवलं आणि अप्पांकडं असं पाहिलं, की मला अप्पांची दया आली.

"पटेल, नाल कैकू नै बदले?"

"कसला नाल?"

"ये पट्टी, नालइच तो है. घिसने के वास्तेच लगाते. पट्टी घिसी तो पट्टी बदलना. खिळे निकलने तक रुके ना तुम, अब खूर कट रा देखो."

अप्पांनी ड्रमवरनं हळूच हात फिरवला. हेच मी सात वेळा सांगितलं होतं, पण माझ्या हातात हातोडी नव्हती.

"इतके दिवस जनावर दुखत्या पायानं चालवलं मी," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "कामून सांगितलं न्हाईस रे?"

मंगळवारी लॉरीवर बसून मी गुलबर्ग्याहून चारी चाकांच्या पट्ट्या आणल्या. ड्रम घासून घेतले. बुधवारी सगळं बसवलं. पहिल्या रिपिटावर घाव मदारसाबांनीच घालायचा, असा अप्पांचा हट्ट होता. त्यांनी घातला. मग तो काढून मी दुसरा मारला.

गुरुवारी अव्वा मागं, अप्पा माझ्या शेजारी. संगमाच्या उताराला लागलो आणि मोटार बघून एक पुजारी धावत आले. "यजमान कुठल्या गावचे?" म्हणत ते हात पसरून बरोब्बर मधोमध उभे राहिले. मी ब्रेकवर उभा राहिलो. त्याच क्षणी अप्पा ओरडले, "होऽऽऽ!"

मोटार पुजाऱ्यांच्या पोटापासून वीतभर अलीकडं थांबली.

अप्पांनी सावकाश माझ्याकडं मान वळवली. "बघितलास? नाल नीट असला की एका हाकंत ऐकतंय."

"चनमल्ल्या," मागनं अव्वा म्हणाल्या, "पोरगं घामाघूम झालंय. त्याला बी पाणी दाव."

दिवस मावळायच्या आत खजुरीत परतलो. अंगणात शिरलो, ब्रेक दाबला. मोटार कडब्यापासून चांगली पाच हात अलीकडं थांबली. मी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. जिवंत होतो.

अप्पा उतरले. त्यांनी गंजीकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं. गंजीतली एक पेंढी ओढली आणि बॉनेटपुढं धरली. मोटार हलली नाही. अप्पांचा चेहरा उतरला.

"राघोबा, पळ. मदारसाबाला घेऊन ये," ते म्हणाले. "चारा सोडलाय ह्यानं."