वीणा गळ्यात पडली तेव्हा

पितांबरआबांना वाटेत कीर्तन भेटलं की पुढची वाट त्यांच्यापुरती संपायची. अमळनेरात भाजी आणायला गेलेले आबा काल्याचा प्रसाद घेऊन घरी यायचे. भाजी राहूनच जायची. म्हणून धुळ्याच्या एसटीत बसण्याआधी त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, त्यांना देव्हाऱ्यापुढे उभं करून बजावलं होतं, की आज वाटेत कुठेही थांबायचं नाही. लेकीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं होतं, आणि सूर्य मावळायच्या आत एकवीरामातेची ओटी भरायचा नवस आज फेडायचा होता.

धुळ्यात उतरले तेव्हा उन्हं कलली होती. पांझरेच्या काठाने देवळाकडे निघाले, तर वाटेतच मांडव. नामसप्ताह!

"नुसता माथा टेकस," आबा म्हणाले.

"तुम्हना माथा एकडाव टेकना का उठस नही!"

पण आबा चपला काढून आत शिरलेसुद्धा.

आत वीणेकरी लोटन घामाघूम उभा होता. दुपारच्या पंगतीतल्या वांग्याच्या भाजीने त्याच्या पोटात दंगा मांडला होता. आबांच्या गळ्यातली तुळशीमाळ दिसताच त्याला पांडुरंग भेटल्यासारखं झालं. त्याने वीणा आबांच्या गळ्यात घातली, पाया पडला आणि कोपऱ्यातला तांब्या उचलून झाडीकडे धूम ठोकली.

झालं! सप्ताहातली वीणा भुईला टेकवायची नाही, नाम तुटू द्यायचं नाही, आणि माळकऱ्याशिवाय ती कुणाच्या गळ्यात घालायची नाही. मांडवात उरलेले मृदंगवाला आणि दोन टाळकरी, तिघेही बिनमाळेचे.

"अहो, सूर्य खाले चालना!" ओटीचं ताट सावरत झुंबरबाई ओरडल्या.

नाम सोडून उत्तर कसं द्यावं? आबांनी ते चालीतच बसवलं. "रामकृष्ण हरी, पाच मिनिटं थांब हरी!"

पेंगुळलेल्या टाळकऱ्यांनी भक्तिभावाने उचललं, "पाच मिनिटं थांब हरी!"

सूर्य काही थांबेना. झुंबरबाई तरातरा आत आल्या. "वीना खाले ठेवता येस नही, हाई माले समजनं. पन तुम्हना पाय काय खुटाले बांधेल शेतस?"

आबा चमकले. खरंच, चालू नये असं कोणत्या पोथीत लिहिलंय? ते निघाले. वीणा निघाली म्हणून टाळ निघाले, टाळ निघाले म्हणून मृदंग. पुढे ताट घेऊन झुंबरबाई. रस्त्यावर सायकलवाले उतरले, चहावाल्याने हात जोडले, कुणी विचारलं, "दिंडी कुठली?" झुंबरबाईंनी ऐटीत सांगितलं, "अमळनेरनी!"

देवळात गुरवाने लगबगीने वाट करून दिली. सूर्य पांझरेवर हातभर उरला असताना ओटी भरली गेली. झुंबरबाईंनी डोळे पुसले आणि घाटाच्या पायरीवर बसल्या. नदी शेंदरासारखी झाली होती. आबांच्या मनातलं ओझं उतरलं आणि गळा असा मोकळा झाला, की देवळातल्या बायाही टाळ्या वाजवू लागल्या.

तेवढ्यात तांब्यासकट लोटन धापा टाकत आला. "मांडवमा देख्यं त वीना नही, टाळ नही! मन्हा जीवच उडना!" त्याने वीणेला हात पुढे केले.

आबांनी मान हलवली, डोळ्यांनीच नदी दाखवली. आधी आंघोळ!

लोटन पाण्यात उतरला, बुडी मारून कुडकुडत वर आला. सूर्याची कोर अजून पाण्यावर होती. आबा रंगात आले होते. झुंबरबाईंनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"लोटनभाऊ," त्या म्हणाल्या, "पाठ कोरडी राह्यनी. आजून एक बुडी मारा."