रिकामा पाठवलेला डबा

रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले मधुकरराव बायको गेल्यावर अलीगंजच्या घरात एकटेच राहत. दोन गल्ल्या पलीकडे चारुदत्त राहायचा, बँकेतला, नागपुरापासूनचा दोस्त. त्याची बायको, माणिकवहिनी, रोज डबा करायची आणि चारुदत्त स्वतः तो घेऊन यायचा. डबा परत देताना मधुकरराव त्यात साखर नाहीतर रेवडी घालायचे. कुणाच्या घरचा डबा रिकामा परत करू नये, ही आपल्याकडची रीत. लखनौत जन्म काढला म्हणून ती काही सुटत नाही.

तिथल्या मराठी मंडळातल्या नरेंद्रला हे पाहवेना. मंडळाचा अध्यक्ष व्हायची त्याला कोण हौस, आणि चारुदत्तने नाव सुचवलं मधुकररावांचं. असली माणसं उघड भांडत नाहीत हो. ती आपुलकीने चौकशीला येतात.

"जाऊ द्या साहेब, मी कशाला बोलू? उगाच बात का बतंगड," एवढं म्हणून तो गप्प बसला. मधुकररावांनीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "चारुदत्तजी हसत होते. म्हणे, म्हातारा डब्याच्या वेळेला दारातच उभा असतो. मनावर घेऊ नका हं!"

खोट्यात चिमूटभर खरं घातलं की ते पचतं. मधुकरराव खरंच दारात उभे असायचे. पण ते डब्यासाठी नव्हे, चारुदत्तसाठी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामवालीच्या हाती डबा परत पाठवला. रिकामा.

त्यानंतर डबा आला नाही, चारुदत्तही आला नाही. चोराच्या मनात चांदणं, असं मधुकररावांनी स्वतःला समजावलं. रागाच्या भरात मंडळच सोडलं, आणि नरेंद्र अध्यक्ष झाला. हिवाळ्यात चारुदत्त न्यूमोनियाने गेला. अंत्यदर्शनाला मधुकरराव बूट घालून निघाले होते, पण फाटकाशी अभिमान आडवा आला.

उन्हाळ्यात माणिकवहिनी निरोप घ्यायला आल्या. लेकीकडे पुण्याला निघाल्या होत्या, कायमच्या.

"भाऊजी, माझ्या हातचं आवडत नव्हतं तर सांगायचं होतं. नरेंद्रभाऊजी म्हणाले, तुम्ही डबा कामवालीला देऊन टाकता. ह्यांनी मानलं नाही. म्हणाले, मधुकर असं करणारच नाही. आणि मग तिच्याच हाती तो रिकामा डबा आला."

वहिनी जायला उठल्या आणि दाराशी थांबल्या.

"आजारपणात रोज विचारायचे, मधुकर आला का?"

वहिनी गेल्यावर मधुकरराव हमसून हमसून रडले. विष नरेंद्रने कालवलं खरं, पण एकदा जाऊन विचारायला त्यांना कुणी अडवलं होतं?

संध्याकाळी बेल वाजली. नरेंद्र होता, नेहमीसारखा हसरा. "काय साहेब, एकटेच?"

त्याचं बखोट धरायचं मधुकररावांनी ठरवलं होतं. काय काय सुनावायचं, तेही जुळवून ठेवलं होतं. पण मंडळ तर सुटलंच होतं, आणि आता अख्ख्या अलीगंजात त्यांच्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मुलगासुद्धा फोनवर हिंदीतच बोलायचा.

"या नरेंद्रराव," ते म्हणाले, "बसा थोडा वेळ."